गुळव्याशी बोलू नये

मलकापूरला गाडीतून उतरले तेव्हा स्वतःवर भलतीच खूश होते. गूळ पाहायला सगळे कोल्हापूरला जातात. मी मात्र कापसाच्या मुलखात गुऱ्हाळ शोधून काढलं होतं. नांदुऱ्याला एस.टी. बदलून वरवट बकालकडे निघाले. दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशी) आणि उत्तरेला धुरकट सातपुडा. शेजारच्या बाईंनी चौकशी केली, "कोनाच्या घरी जाऊन राह्यल्या?"

पुण्याहून गुऱ्हाळ पाहायला आले, असं सांगितल्यावर त्या हसल्या. "ते पाहाले पुन्याहून येते काय कोनी?"

गुऱ्हाळ गावाबाहेर, प्रल्हादभाऊंच्या पुतण्याच्या शेतात. प्रल्हादभाऊ गुळव्या (गूळ शिजवणारा), साठीचे, बोलके. त्यांच्या पत्नी शांताबाई चुलवणात (भट्टीत) चिपाडं सारत होत्या. गेल्या गेल्या तांब्याभर रस मिळाला, दुपारी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर आणि हिरव्या मिरचीचं भरीत. मी दोनदा वाढून घेतलं.

जेवताना शांताबाईंनी सांगितलं, "पुतन्या म्हनते, ऊस कारखान्याले देऊ. आज मलकापूरचा व्यापारी येऊन राह्यला. त्याले हा गूय पटला त पुढल्या साली गुऱ्हाय चालू. नाही त बंद." रंग उजळायची पावडर न घालता, नुसत्या रानभेंडीच्या पाण्यानं मळी काढून प्रल्हादभाऊ गूळ करत. तो व्यापाऱ्याला दाखवायचा होता.

काहिलीतला (मोठ्या कढईतला) पाक दाट होऊन फुटायला लागला, तसे ते म्हणाले, "ताई, आता मले काही इचारू नोका. गोयी पाहाची हाय." तिथली रीतच आहे ती. पाक उतरायच्या वेळी गुळव्याशी कुणी बोलत नाही, बायकोसुद्धा खुणेनं सांगते. त्यांनी थेंबभर पाक थंड पाण्यात सोडला, बोटांत वळून गोळी केली आणि ताटावर आपटली. टणकन वाजली. हीच ती वेळ.

आणि मी म्हणाले, "भाऊ, फोटो हलला. पुन्हा एकदा धरता का?"

पाहुणीला नाही म्हणणं त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी गोळी पुन्हा वर धरली. मी वाकून, सावली टाळून, अगदी निवांत फोटो घेतला. शांताबाई हातवारे करत होत्या. मला वाटलं, धूर वारतायत. मग करपल्याचा वास आला. काहील घाईघाईनं ओतली, पण वाफ्यात (पाक निववायच्या हौदात) पडलेला पाक तपकिरी नव्हे, काळपट होता.

व्यापारी चारच्या सुमारास आला. ढेपेचा कोपरा तोडून चघळला आणि म्हणाला, "प्रल्हादभाऊ, काया पडला हो. कडूबी लागते."

मी दोन पावलांवर उभी होते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात प्रल्हादभाऊंनीच सांगून टाकलं, "माहं ध्यान चुकलं. वय झालं आता." बांधावर बसलेल्या पुतण्यानं मान हलवली, आणि मी बॅगेची चेन उगीच उघडली, लावली. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

प्रल्हादभाऊ मला फाट्यापर्यंत सोडायला आले. बस दिसल्यावर मी कशीबशी म्हणाले, "भाऊ, चूक माझी होती. मी बोलायला नको होतं."

"मले ठाऊक हाय, ताई," ते शांतपणे म्हणाले. "पन ते मले सांगून काय होते? व्यापाऱ्याले सांगा लागत होतं." आणि त्यांनी बॅग उचलून माझ्या हातात दिली.

पुण्याला आल्यापासून जो तो त्या गुऱ्हाळाचा पत्ता मागतो. तिथं आता काही नाही, एवढंच मी सांगते. यंदा तो ऊस ट्रॅक्टरमधून कारखान्याला गेला. का गेला, हे पुतण्याला सांगायला मी अजून गेलेले नाही. त्याच्या लेखी काकांचा गुळावरचा हात गेला आहे.