हिरवं थंड, गुलाबी गरम

आमच्या बाबांनी जगातल्या सगळ्या वस्तूंची दोनच भागांत वाटणी केलीय: थंड आणि गरम. कांदा थंड, आंबा गरम. गाडीचं कूलंटही त्यातून सुटलं नाही. मी पुस्तिका वाचून गुलाबी भरलं होतं. भाचीच्या लग्नाला चंद्रपूरहून ब्रह्मपुरीला निघायच्या सकाळी ते जरा कमी दिसलं, म्हणून बाबांनी मला न सांगता वरून हिरवं ओतलं.

मूल गाव ओलांडल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला, तेव्हा त्यांनी हे सांगितलं.

"गुलाबी कुठी थंडा असते का? हिरवा नुसता पाह्यला तरी जिवाले गार वाटते."

तिकडे भाचीने ठणकावलं होतं, मामाने हात धरल्याशिवाय मी खोलीबाहेर पडणार नाही. आणि मामा इकडे धानाच्या कोरड्या बांधीजवळ बॉनेट उघडून उभा! इंजिन निवल्यावर झाकण काढलं, तर आत पिठलं. दोन जातींची कूलंटं मिसळू नयेत, हे डब्यावरच लिहिलेलं असतं. मी बाबांवर असा ओरडलो की शेजारी बसलेली गाय उठून गेली.

रस्त्यालगतच्या घरून बादल्या आणल्या, पिठलं धुऊन काढलं आणि साधं पाणी भरलं.

"पाण्यानं का होते? पेज टाक," बाबा म्हणाले. "मले लू लागली तं तुही माय पेजच देते."

मी ऐकेना, तेव्हा त्यांनी गाडीच्या तोंडाला कांदा बांधला.

थोडं पुढे गेलो आणि काटा पुन्हा चढू लागला. आता इंजिनाची गरमी आत ओढणं एवढंच हाती होतं. भर मे महिन्यात, नव्या शेरवानीत, मी हीटर फुल लावला. मागच्या सीटवर आई देवाचं नाव घेऊ लागली. काटा उतरला.

"पाह्य, कांदा लागू पडला," बाबा म्हणाले.

मांडवात शिरलो तेव्हा मी नखशिखांत निथळत होतो. बहीण धावत आली.

"भाऊ, आत्तापासूनच काऊन रडून राह्यला? बिदाई बाकी आहे अजून."

"घाम आहे गं," मी वैतागून म्हणालो.

भाचीच्या खोलीचं दार उघडलं. मार्कंड्याच्या जत्रेत हरवू नये म्हणून ही पोर माझं बोट करकचून धरायची. आताही तिने मेंदीच्या हाताने बोटच धरलं. मग मला काही आवरेना.

मागे बाबा पाहुण्यांना समजावत होते, "रडून नाई राह्यला तो. हीटरचा घाम आहे." आणि दुपट्ट्याने स्वतःचे डोळे पुसत होते.