टक न वाजलेला जोड

हा अनुभव माझा स्वतःचा आहे. मित्राच्या मित्राचा नाही, मामाच्या गावचा नाही... म्हणूनच लिहायला इतके दिवस लागले.

मी फायरमन आहे. घर धुळ्याला देवपुरात, नोकरी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या बंबावर. गावाचं नाव लिहीत नाही. गिरणेकाठचं आहे एवढं पुरे, ओळखणारे ओळखतीलच. आग लागली की आम्ही, झाडावर मांजर अडकलं की आम्ही, आणि विहिरीत कुणी उडी घेतली तर त्याला वर काढायलाही आम्हीच. असल्या कामात भुताखेतांना भिऊन कसं भागेल? इथे येणारे भुताचे अनुभव मी नेहमी वाचायचो, पण खरं सांगतो, हसायला वाचायचो. पांढरी साडी, पिंपळ, उलटे पाय... डबा खाऊन झाला की मोठ्याने वाचून दाखवायचो आणि गोकुळ हसून हसून बाकावरून खाली यायचा.

गोकुळ माझा जोडीदार. आम्ही दोघं एकाच दिवशी कामाला लागलो. तिसरे नाना. गाडी तेच चालवतात, पंपही तेच सांभाळतात, आणि आता रिटायर व्हायला आलेत.

गाडीवर तीनच माणसं असली की आगीच्या जागी होज, म्हणजे पाण्याचे लांब पाइप, जोडत बसायला हात पुरत नाहीत. म्हणून गोकुळने एक पद्धत काढली होती. दोन होज आधीच एकमेकांना जोडायचे, पुढे ब्रांच — म्हणजे पाणी सोडायची पितळी तोटी — लावायची, आणि सगळं गाडीच्या पेटीत नागमोडी घड्या घालून ठेवायचं. जागेवर पोचलं की ब्रांच धरून पळत सुटायचं, होज उलगडत मागे येतो. घड्या तो इतक्या नीट घालायचा की नाना म्हणायचे, "तुला साडीच्या दुकानात ठेवायला पाहिजे होतं." होजच्या जोडात स्प्रिंग असते. जोड पक्का बसला की ‘टक’ वाजतो. आम्ही डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर जास्त भरवसा ठेवतो. टक आला की विषय संपला.

एप्रिल संपत आला होता. सकाळी एका शेतात कडब्याची गंजी पेटली, ती विझवून आम्ही परत आलो. मी टाकीत पाणी भरत होतो आणि गोकुळ ओलेच होज पेटीत लावत होता. तेवढ्यात स्टेशनसमोरून नवरदेवाची मिरवणूक निघाली. आपल्याकडचा डीजे तुम्हाला माहीत आहे... खिडकीच्या काचा हलतात आणि शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागतं. त्या गोंगाटात गोकुळने दोन होजमधला जोड लावला. टक वाजला की नाही हे कुणाला कळणार? अर्थात हे सगळं मला नंतर समजलं.

दुपारी फोन आला, जिनिंगला, कापसाच्या कारखान्याला, आग लागली म्हणून.

कापसाची आग ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. ज्वाळा कमी आणि धूर फार. वरून विझल्यासारखी वाटते आणि दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटात धुमसत राहते. आम्ही पोचलो तेव्हा गोडाऊनच्या दारातून पिवळा धूर निघत होता. शेठजी डोक्याला हात लावून उभे होते. कामावरच्या बायका एकच गोष्ट ओरडून सांगत होत्या — कलाअक्का आत आहे. जेवणाच्या सुट्टीत ती गाठींच्या मागे, भिंतीच्या गारव्याला झोपायची.

श्वासाचा सेट आमच्याकडे एकच, आणि तो दुरुस्तीला गेलेला. तोंडाला ओला पंचा गुंडाळून मी ब्रांच उचलली. ठरलं असं, की मी आत शिरून हाक द्यायची, गोकुळने ती दारातून नानांना सांगायची, मग नानांनी पाणी सोडायचं. रिकामा होज हलका असतो, ओढता येतो. भरलेला एकट्याला ओढवत नाही.

गाठी छपरापर्यंत रचलेल्या होत्या. मधून एक माणूस जाईल एवढी वाट. मी वाकून हाका मारत गेलो.

"भाऊ, मी आठे शे." अहिराणीतलं ‘इथे आहे’. आवाज थेट मागच्या भिंतीपासून आला.

अक्का भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडात धरलेला. मी म्हटलं, "उठा अक्का, माझ्या खांद्याला धरा."

"पायमा जीव नही रे भाऊ."

मी तिला काखेत धरून उचलतोय, तेवढ्यात मागे काहीतरी सरकलं आणि गाठींची अख्खी रांग आमच्या वाटेवर येऊन पडली. खालच्या गाठी जळून बसल्या की वरच्या कोसळतात, हे मला शिकवलेलं आहे. माहीत असून काय उपयोग?

आता मागे भिंत, पुढे गाठी, दोन्ही बाजूंना गाठी. मध्ये आम्ही दोघं. हात पूर्ण पसरता येत नव्हते. ब्रांच माझ्या हातात होती, पण होज त्या पडलेल्या गाठींखाली गेला होता. ओढून पाहिला, इंचभर हलेना. जिनिंगची एक गाठ दोन माणसांना हलत नाही, तिथे मी एकटा काय करणार? "पाणी!" म्हणून ओरडलो. धुरात ओरडलं की पुढचा श्वास मोठा घ्यावा लागतो आणि तो धुराचाच असतो. पुन्हा एकदा ओरडलो आणि मग गप्प बसलो.

सिनेमात अशा वेळी आई आठवते, बायको आठवते. मला आठवली ती बाइकची चावी. ती माझ्या खिशात होती. आता गाडी देवपूरला घरी कोण नेणार, कुलूप तोडावं लागेल, नवीन बसवावं लागेल... हेच डोक्यात फिरत होतं. मग समोरच्या गाठींमधून लाल दिसायला लागलं आणि मी खरोखर घाबरलो. अक्काने माझं मनगट धरलं होतं. 

आणि हातातला होज हलला.

पंपाचं पाणी झटका देऊन येतं. ब्रांच नीट धरली नाही तर दात पाडते. हे पाणी तसं आलं नाही. आधी होज गार लागला, मग हळूहळू फुगला, मग ब्रांचमधून पाणी आलं. जोर बेताचा, पण धार अखंड. मी फवारा केला, आधी आमच्या दोघांवर, मग समोरच्या लाल भागावर. फवाऱ्याजवळ तोंड नेलं की थोडी हवा मिळते, हे जुन्या लोकांनी शिकवलंय. अक्कालाही तसंच बसवलं. तिने होज मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"कितलं गार पानी शे रे भाऊ," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एप्रिलच्या दुपारी आमच्या टाकीतलं पाणी आंघोळीला काढल्यासारखं गरम असतं. हे पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. दुसरी गोष्ट म्हणजे पंप चालू असला की होजमध्ये एक थरथर असते. इतक्या वर्षांत ती हातात मुरलेली आहे. ह्या होजमध्ये ती नव्हती. पण अशा वेळी चौकशा कोण करतो? पाणी येतंय ना, मग येऊ दे.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग पाठीमागची भिंत हादरली, विटा पडल्या आणि जेसीबीचा दात आत आला. उजेड दिसला त्याच क्षणी माझ्या हातातला होज ढिला पडला. ब्रांच तिथेच टाकून आम्ही बाहेर आलो.

नानांनी मला धरलं आणि हा इतका कडक माणूस रडायला लागला. म्हणाले, "पाणी नाही देता आलं रे बाळा तुला."

मला वाटलं, माझे कान गेले. मी विचारलं, "गोकुळ कुठंय?"

"पुढच्या दारात बसलाय. येडा झालाय तो. होज सोडतच नाही."

मी गोडाऊनला वळसा घालून गेलो. गोकुळ दारासमोर उकिडवा बसला होता आणि दोन्ही हातांत पहिल्या होजचं टोक धरून होता. त्या टोकाला पुढे काहीच नव्हतं. होजचं दुसरं टोक आवारात मातीत पडलेलं, कारण नानांनी ते पंपावरून काढून गाडी मागच्या बाजूला नेली होती. दोन्हीकडून सुटलेला होज धरून तो बसला होता. मला पाहिलं आणि त्याची बोटं उघडली.

झालं होतं असं. मी ब्रांच ओढत आत गेलो तेव्हाच दारात जोड सुटला होता, धुरात ते कुणाला दिसलं नाही, नानांनी पाणी सोडल्यावर कळलं. पाणी सगळं आवारात. दुसऱ्या होजचं टोक मी ओढत आत नेलेलं, त्यावर गाठी पडल्या. जोडायला काही उरलंच नव्हतं. नानांनी पंप बंद केला, गाडी मागे नेली, जेसीबी येईपर्यंत गाडीवरच्या वेगळ्या होजने भिंतीवर आणि वरच्या हवेच्या जाळ्यांमधून पाणी मारलं.

"मग आम्हाला ब्रांचमधून पाणी कुठून येत होतं?" मी विचारलं.

तापात बडबडणाऱ्याकडे बघतात तसं नानांनी माझ्याकडे पाहिलं. "अरे, जाळीतून मी मारत होतो तेच तुमच्यावर पडलं असणार."

असेल. पण जाळीतून पडलेलं पाणी होज फुगवत नाही. पुढे आग पूर्ण विझल्यावर गाठी हलवल्या तेव्हा दुसरा होज सापडला. मधून जळून त्याचे तुकडे झाले होते. तो नेमका कधी जळला, ते कोण सांगणार? आणि सुटलेलं टोक गाठीखाली चेपून पडलं होतं, कशालाही न जोडलेलं.

गावाने आपापली सोय लावून घेतली. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी दर्ग्याचं, शेठजींनी थोडं श्रेय स्वतःच्या पुण्याईला दिलं. ऑफिसात मात्र चौकशी लागली. जोड कुणी लावला होता? आणि सगळे भिंत फोडत असताना हा माणूस दारात नुसता बसून का राहिला? मी जबाबात लिहिलं की मला पाणी मिळत होतं. साहेब म्हणाले, "नाना लिहितात तुझा होज पंपाला जोडलेलाच नव्हता. तू हे लिहिलंस तर तुलाच डॉक्टरकडे पाठवतील." गोकुळला गाडीवरून काढून घरपट्टी विभागात बसवलं.

त्याने आमच्याबरोबर डबा खाणं सोडलं. मी रोज जायचो, रोज सांगायचो, की गोकुळ, पाणी होतं रे, शपथ. तो मान हलवायचा. एकदा म्हणाला, "जोडाना आवाज माले ऐकू उना नही. तरी मी ओढी देखं नही. मी तुले मारीच टाकं व्हतं. तू चांगला माणूस शे, म्हनीसन खोटं बोलस."

माझी पुन्हा तीच कोंडी. खरं बोललो तर ऑफिस वेड्यात काढणार, गोकुळ दया समजणार. गप्प बसलो तर तो आयुष्यभर स्वतःला खुनी समजणार. गोडाऊनमध्ये अडकलो होतो तेव्हा निदान भिंतीपलीकडे जेसीबी होता.

शेवटी एका रविवारी त्याला बाइकवर बसवलं आणि अक्काच्या गावी नेलं. तिला फक्त एवढं सांगितलं की हा माझा मित्र. चहा झाला, तब्येतीचं बोलणं झालं. मग गोकुळनेच खाली मान घालून विचारलं, "अक्का, आत पानी व्हतं का?"

"व्हतं ना," अक्का म्हणाली. "नळी मना मांडीवर व्हती. इतलं गार पानी, मना हातले मुंग्या उन्यात. तेनामुयेच वाचनूत आम्ही."

गोकुळ स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघत राहिला.

परत येताना गिरणेच्या पुलावर त्याने मला गाडी थांबवायला लावली. कठड्याला टेकून उभा राहिला आणि बोलायला लागला.

"मी तठे बसेल व्हतू ना... सगळा लोके म्हनेत, येडा व्हयना. मी त्या होजले म्हनी राह्यन्तू, जाय रे पानी, जाय. आन मना हात गार पडनात. बरफमा घालेल सारखा. माले वाटनं, भीतीमुये. पन दोन दिन गारच व्हतात. बायकोनी गॅसवर शेकी दिधात. मी कोनले सांगं नही."

मी त्याचा हात धरला. आता गरम होता, घामाने ओला, सगळ्यांचा असतो तसा. आम्ही दोघंही तिथे उभं राहून रडलो. येणारे-जाणारे हॉर्न मारत होते.

ह्याचा अर्थ काय, मला विचारू नका. दोन्हीकडून सुटलेला होज आणि ते गार पाणी... मी खूप डोकं चालवलं, नानांशी वाद घातले, हाती काही लागलं नाही. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. फक्त इथले अनुभव मी आता हसायला वाचत नाही.

चौकशी मिटली आणि पावसाळ्यानंतर गोकुळ गाडीवर परत आला. अजूनही तोच पेटी लावतो. समोरून डीजे जात असला तर होज मांडीवर घेऊन बसून राहतो, मिरवणूक लांब जाऊ देतो, मगच जोड लावतो. टक वाजतो. तरी आम्ही दोघं दोन्हीकडून एकदा ओढून बघतो. मग तो मला दिसणार नाही असं वळतो आणि स्वतःचा तळहात गालाला लावून बघतो. मला दिसतं ते. मी पेटीचं दार लावून घेतो.