तांबडी निशाणं

"ओ आजोबा, पुसू नकात! ती पावलां म्हणजे माझो अभ्यास आसा!" मी असा बोंबललो की समोरच्या किल्ल्याचा बुरूज दचकून एक पाऊल मागे सरला. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारा म्हातारा रापणकर पहाटेच्या ओल्या वाळूवर झावळी फरफटवत, रात्री अंडी घालून गेलेल्या कासवांच्या खुणा मिटवत होता. त्याने झावळी खाली ठेवली. मी विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकत होतो, अंगात टेरिलिनचा शर्ट होता, आणि समुद्राने पुढची भरतीसुद्धा मला विचारूनच आणावी असा माझा थाट होता. आठवडाभर मी त्याला झावळीला हात लावू दिला नाही. उलट आईचं जुनं तांबडं लुगडं फाडून प्रत्येक घरट्यावर काठीला निशाण बांधलं, गलबतावरूनही दिसेल असं. ते अंडीचोरांनाही दिसलं. एका सकाळी सातही निशाणांखाली नुसते उकरलेले खड्डे होते. "खुणा कित्याक पुसतास, ता माका आधी कित्याक नाय सांगलात?" मी रडवेला होऊन म्हाताऱ्याला विचारलं. जाळं झटकत तो जे म्हणाला, ते आजही कुठे झावळी फरफटली की ऐकू येतं आणि माझे कान तापतात: "तू शिकलेलो. माका वाटलां, तुका म्हायत असतलां."