एकटीची सिरीयल आणि आम्ही सगळे

आमच्या ग्रुपचे किस्से म्हणजे ड्राइव्हवेवरचा बर्फ. फावड्याने काढून मागे वळून बघावं, तर तेवढाच परत साचलेला! त्यात दर शुक्रवारी केतकीच्या कॉन्डोत एक जपानी सिरीयल बघायला लागलो आणि मग तर विचारूच नका.

आम्ही तिघं. नागपूरची केतकी, इथे कॅनडात, मिसिसागात वन-बेडरूम फ्लॅटमध्ये एकटी राहते. पुण्याचा ओंकार, पाच जणांच्या बेसमेंटमध्ये राहतो. आणि मी, दोघांच्या फ्रिजवर जगते.

सिरीयलमध्ये टोकियोत एक मुलगी एकटी राहते. बस, एवढंच! ना सासू, ना खून. अख्खा एक एपिसोड ती अर्ध्या मुळ्याचं काय करायचं यावर विचार करते.

पहिल्या दिवशी ओंकार वैतागला. "अरे, स्टोरी कुठंय? कोणीतरी दार तरी वाजवा हिचं!"

तिसऱ्या शुक्रवारी तिचा राइस कुकर बंद पडला. हाच ओंकार सोफ्यावर उभा राहून ओरडत होता, "अगं, वॉरंटी बघ! आधी वॉरंटी बघ!"

* * *

ती मुलगी रोज रिकाम्या घरात शिरताना मोठ्यांदा म्हणते, "मी आले!" आता घरात कोणी नाही, तर सांगते कोणाला? आम्हाला चैन पडेना. शेवटी ओंकारने ऑफिसमधल्या जपानी मुलीला गाठलं.

ती म्हणाली, "घराला! तुम्ही नाही सांगत?"

ओंकार एवढा इम्प्रेस झाला की त्याच संध्याकाळी बेसमेंटचं दार उघडून मस्त ओरडला, "मी आलो!"

आतून चार आवाज एकदम आले, "सिंकमधली भांडी तुझी आहेत!"

* * *

मग मला खाज सुटली. ती मुलगी एकटीसाठी कसं नेमकं शिजवते, वाटीभर भात, एक मासा, संपलं. म्हटलं, आपणही एका माणसाचे पोहे करू!

नाही जमत हो. हात ऐकतच नाही. एक मूठ घेतली, बिचारी वाटली. दुसरी घेतली. मग कांदा जास्त झाला, म्हणून अजून पोहे. शेवटी कढई भरली. माझ्या बिल्डिंगच्या सिक्युरिटीवाल्याला डबा दिला, त्याच्या जोडीदाराला दिला, लिफ्ट रिपेअर करायला आलेल्यालाही दिला.

पुढच्या शनिवारी लिफ्ट बंद नव्हती, तरी तो आला!

* * *

आणि मग केतकीची आई नागपूरहून आली. नुसती फिरायला नाही, मिशनवर! केतकीला कॉन्डोतून काढायचं आणि तासभर लांब, रिचमंड हिलच्या एका ओळखीच्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत टाकायचं.

"आई, माझं ऑफिस इथे आहे. मला हे घर आवडतं गं!"

"परका देश. ताप आला तर पाणी कोण देईल? मी आयुष्यात एक दिवस एकटी राहिले नाही. माहेरी बहिणी, सासरी नऊ माणसं. काही बिघडलं माझं?"

केतकी रडकुंडीला आली होती. आम्ही म्हटलं, चला, शुक्रवारी काकूंना सिरीयल दाखवू, जरा नरम पडतील.

आणि नेमकं त्या एपिसोडमध्ये त्या मुलीला ताप! तीनदा उठली, भिंतीला धरून ओट्यापाशी गेली. केतकीने डोळेच मिटून घेतले. ओंकार रिमोट शोधायला लागला.

काकू पुढे सरकून बघत होत्या. सबटायटल्सकडे ढुंकून बघत नव्हत्या. मुलीने स्वतःसाठी तांदळाची पेज केली आणि काकू बोलल्या.

"मीठ नाही घातलं."

एवढंच! मग म्हणाल्या, "हिला कोणी फोन नाही करत का रे?"

"करतात की काकू," ओंकार म्हणाला. "ती उचलत नाही."

"अगं बाई!"

पण सकाळी उठून त्यांनी रिचमंड हिलला फोन लावलाच. "उद्या सामान घेऊन येतो."

* * *

मग शनिवारी दुपारी आम्ही तिघं रिकामी खोकी आणायला बाहेर पडलो. काकू म्हणाल्या होत्या, "मी थांबते, तुम्ही या जाऊन." बर्फ सुरू झाला, ट्रॅफिक अडकलं. केतकीने फोन केला. काकू उचलेनात. परत केला. उचलेनात!

केतकी पांढरीफटक. "पडली असेल रे ती. गॅसपाशी चक्कर आली असेल."

गाडी कशीबशी लावली. खोकी डोक्यावर घेऊन कॉरिडॉरमधून धावलो. केतकीने किल्ली फिरवली, दार दोन बोटं उघडलं आणि अडकलं. आतून साखळी!

फटीतून जिऱ्याच्या फोडणीचा वास. टीव्हीवर जपानी चालू.

"आई! आई, बरी आहेस ना?"

टीव्हीचा आवाज कमी झाला.

"कोण?"

"मी! केतकी!"

"बरोबर कोण आहे?"

"हे दोघं. खोकी आणलीत. दार उघड ना!"

मग चमचा वाटीत ठेवल्याचा आवाज आला.

"तासाभराने या गं," काकू आतून म्हणाल्या. "आत्ता मी एकटी आहे!"