केझियामावशीचा कर्णा

गोऱ्यांच्या शेतांवर जेवायची वेळ झाली की कर्णा वाजे. इकडे उत्तरेत, आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत तो वाजला की एकच अर्थ: सीमेपलीकडून, गुलामगिरी चालणाऱ्या मेरीलंडहून, गुलाम पकडणारे आलेत. मग हातातलं काम टाकून धावायचं. कोणाला धरलंय, हे विचारत बसायचं नाही.

केझियामावशीचं घर टेकडीवर, म्हणून कर्णा तिच्याकडे. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी, तोंडानं फटकळ बाई. नवरा एनॉक शेतमजूर. जन्मापासून मोकळा माणूस, कधीच कोणाचा गुलाम नव्हता; तसे कागद कायम खिशात.

"अगं, मला जेवायला बोलवायला तरी वाजव एकदा," तो चिडवायचा.

"तुला कर्णा कशाला? भाकरीच्या वासानंच येतोस की धावत!"

त्या वर्षी कापणीच्या दिवसांत लेथा नावाची गुलामीतून पळून आलेली मुलगी मावशीकडे लपली होती. एका दुपारी चार घोडेस्वार थेट अंगणात आले. मावशीनं दाराला अडसर घातला आणि माडीच्या खिडकीतून कर्णा फुंकला. आम्ही चहूकडून धावलो, कोणी कोयते घेऊन, कोणी कुऱ्हाडी. मी तर हातातल्या गरम इस्त्रीसकट पळाले. घोडेस्वारांनी घोडी वळवली आणि पळ काढला. लेथा वाचली. तिला त्याच दिवशी कॅनडाच्या वाटेला लावलं.

एनॉक मात्र आला नाही.

पुलाजवळ त्यांचेच आणखी दोघं दबा धरून बसले होते. कर्णा वाजला की आम्ही धावतो, हे त्या मेल्यांना कळून चुकलं होतं. एनॉक एकटाच धावत आला आणि आयता सापडला. ओढ्यात त्याच्या कागदांचे तुकडे मिळाले. माणूस दक्षिणेत कुठे विकला, ते कधीच कळलं नाही.

"मीच बोलावलं त्याला," मावशी म्हणाली. 

"कर्णा माझ्या घरी ठेवू या," मी एकदा सुचवलं.

"का? माझा श्वास संपला का गं?"

पुढच्या वसंतात पकडणारे पुन्हा आले, टेकडीखालच्या एका घरी माणूस धरायला. मला वाटलं, आता ही वाजवायची नाही. खरं सांगते, मी वाजवला नसता. पण कर्णा वाजला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आम्ही गेलो, माणूस सोडवला आणि धापा टाकत तिच्या अंगणात जमलो. तिनं एकेकाला पाणी दिलं. मग आणखी एक पेला भरला आणि पुलाच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली.

"मावशी, आले सगळे," मी म्हटलं.

"नाही गं. एक यायचाय अजून."