जाळी आणि कात्री
काल दुकानात कोऱ्या टॉवेलांचा गठ्ठा सोडला, खळीचा वास आला आणि आमच्या गल्लीतल्या फुटबॉल क्लबची जाळी आठवली. मागावर उरलेल्या सुताला पीळ देऊन आम्ही खेळाडूंनीच ती महिनाभर विणली होती. पहिल्याच सामन्याच्या सकाळी क्लबच्या अध्यक्षांनी ती कात्रीनं कापली आणि त्या दोऱ्यांनी स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला. आमचा गोलकीपर भडकला, तर म्हणाले, "लई माज आलाय व्हय रं? जाळीबिगर गोल होत न्हाय का?" सामन्यात आमचा गोल झाला की! पण चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, हेच पंचाला कळेना. गोल बाद, आम्ही हरलो. आता क्लबच्या स्मरणिकेत संस्थापक म्हणून त्यांचाच फोटो छापणार आणि इतिहास मी लिहायचा म्हणे. लिहितो की. सुरुवात कात्रीपासूनच करतो.