विहिरीत थंड केलेली वाइन

मी सरबत समजून प्यायले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण अजूनही आमच्यातल्या कुणाला ती गोष्ट आठवली की तो माझ्यावर उपकार केल्यासारखा म्हणतो, "अहो, तिला काय माहीत, तिला वाटलं सरबतच आहे." नव्हतं वाटलं. ती वाइन आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पेला मी हात पुढे करून घेतला आणि रिकामा झाल्यावर परत मीच पुढे केला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझं माहेर वसईतल्या होळी गावचं, भाजीच्या मळ्यांतलं. लग्न करून नंदाखालला आले ती केळी-नारळाच्या वाडीत. आमच्या आणि शेजारच्या वाडीच्या बरोबर हद्दीवर एक विहीर होती. अर्धी आमची, अर्धी शेजारच्या किरिस्ताव मावशींची. दोन्ही घरांच्या पणजोबांनी मिळून खोदलेली. पूर्वी तिच्यावर एकच रहाट होता, माझ्या वेळेपर्यंत दोन्ही बाजूंना पंप बसले होते. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या: एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा. एरवी त्या पाळ्या कुणी फारशा मोजत नसे. पण मे महिना आला आणि वाडीतली बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी तळी, आटली की माझे सासरे विहिरीत वाकून बघायचे आणि घरात येऊन म्हणायचे, "एकाच वाडीला पुरेल एवढं पाणी उरलंय." दर उन्हाळ्याला हेच. कुणाच्या वाडीला, ते मात्र बोलत नसत.

मावशी विधवा होत्या. लाल लुगडं, ताठ मान आणि तोंडाने फटकळ. फटकळ मीही आहे, म्हणून आमचं जमलं. त्यांचा एकुलता मुलगा फादर झाला होता. काही वर्षं तो फ्रान्समध्ये शिकायला होता आणि सुट्टीत डोंगरातल्या एका गावी चर्चच्या कामाला जायचा. तिथल्या शेतकऱ्यांबरोबर तो द्राक्षं खुडायला उभा राहिला म्हणून त्यांनी निघताना त्याला वाइनच्या दोन बाटल्या दिल्या. त्या कपड्यांत गुंडाळून त्याने आईसाठी आणल्या.

मे महिन्यातली दुपार होती. मी विहिरीवर बाजारासाठी केळीची पानं धूत बसले होते. फादर आले, हातात बादली, बादलीत बाटली. काथ्याची दोरी बांधून त्यांनी बादली विहिरीत सोडली आणि दोरी खांबाला अडकवली. फ्रिज तेव्हा दोन्ही घरांत नव्हता.

"फादर, हे काय बुडवलंत?"

"वाइन आहे, वहिनी. थंड करतोय. मग या ओट्यावर, चव बघा."

मी म्हटलं, "येते." बस, एवढंच झालं. यात फसवाफसवी कुठे आहे ते मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

मावशींच्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो. चहाचेच काचेचे पेले होते. फादरनी अगदी थोडी ओतली. मी लगेच तोंडाला लावायला गेले तर म्हणाले, "थांबा. आधी उजेडात धरा, मग वास घ्या, मग एक घोट. आणि गिळायची घाई नको."

रंग पिकायला आलेल्या लिंबाच्या सालीचा. वास घेतला आणि मी पुन्हा घेतला. आम्ही वाडीतली माणसं, घड पिकला की नाही ते आढीच्या खोलीच्या दाराशी उभं राहून नाकाने सांगतो, त्यामुळे वास मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पपनस सोलताना सालीतून तुषार उडतो ना, तो वास होता. आणि त्याच्या खाली ओल्या दगडाचा. मला वाटलं हा आपल्या विहिरीचाच असेल, पण फादर म्हणाले, नाही, तिकडे प्यायली तरी असाच येतो.

पहिल्या घोटाला माझं तोंड वाकडं झालं. मावशी हसल्या. दुसरा घोट मी तोंडात धरून ठेवला. आंबटपणा होता, पण कैरीसारखा दात आंबवणारा नाही. जिभेच्या कडांवर बसून राहणारा. गिळून झाल्यावर मागे भाजलेल्या काजूची चव आली आणि ती जाईचना. मी बोलायची थांबले होते. माझ्या बाबतीत हे क्वचितच होतं.

मावशींनी कौतुकाने सुकेळी आणून ठेवली. राजेळी केळी सुकवून केलेली, मधासारखी. एक तुकडा खाऊन घोट घेतला तर वाइन एकदम फुकट गेली, नुसतं आंबट पाणी. "हे नको," मी म्हटलं, "सकाळची तळलेली करंदी उरलीय का?" उरली होती. त्या बारक्या कोळंबीबरोबर मात्र अशी जमली की फादरनी कपाळाला हात लावला. म्हणाले, तिकडच्या लोकांना हे कळवायला हवं.

मग त्यांनी सांगितलं की शार्दोने हे त्या द्राक्षाच्या जातीचं नाव, आपल्याकडे केळ्यांत राजेळी, मुठेळी म्हणतो तसं. सपाटीवर लावलं तर भराभर पिकतं आणि गोड होतं. डोंगरावर माती कमी, दिवसा ऊन आणि रात्री गारठा, त्यामुळे सावकाश पिकतं आणि आपला आंबटपणा सोडत नाही. म्हणूनच ही अशी लागते. मला ते द्राक्ष फार आवडलं. त्याला कुणाच्या तोंडाला बरं लागायची घाई नव्हती. मी पेला पुन्हा पुढे केला.

तेवढ्यात हद्दीवर सासरे दिसले. त्यांनी माझ्या हातातला पेला पाहिला, विहिरीच्या खांबाला बांधलेली दोरी पाहिली आणि परत गेले.

दोन दिवसांत आळीभर झालं. वसईत विहिरीत काही पडणं ही साधी गोष्ट नाही. फिरंग्यांच्या काळात विहिरीत पाव टाकला, न कळता लोक ते पाणी प्यायले आणि सकाळी उठले तर अख्खं गाव किरिस्ताव, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पोराला पाळण्यापासून ऐकवतात. मावशींच्या घरीही हीच गोष्ट सांगत, फक्त हसत हसत. आता पावाच्या जागी दारूची बाटली आली आणि घरची सून पिताना सापडली. मग काय विचारता. समाजातले सर्वांत वयस्क काका घरी येऊन ओसरीवर चहा पिऊन गेले. रविवारी देवळाच्या मंडपात बैठक ठरली.

शनिवारी आमचे हे माझ्याजवळ येऊन बसले. स्वभावाने गरीब माणूस. म्हणाले, "तू फक्त एवढं म्हण, मला वाटलं सरबत आहे. मिटलं. कुणी तुला बोट लावणार नाही."

"आणि मावशींचं काय?"

मी सोडलं नाही, तेव्हा खरं बाहेर आलं. शेजारणीने आमच्या सुनेला फसवून दारू पाजली आणि विहीर विटाळली, असं एकदा ठरलं, की मग तिचा विहिरीवरचा हक्क काढायचा, तिचा पंप उचलायला लावायचा. सगळं आधीच बोलून झालं होतं. फक्त माझ्या तोंडचं एक वाक्य कमी होतं.

"भर उन्हाळ्यात त्या वाडी जगवणार कशावर?"

"त्यांचं बावखल आहे ना."

त्या बावखलात तेव्हा म्हैस बसायलाही चिखल उरला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धर्म, विटाळ, घरची अब्रू, सगळं ऐकून घेतलं असतं एक वेळ. पण हे तर पाणी होतं. सासऱ्यांचं ते दर उन्हाळ्याचं वाक्य या वर्षी पुरं झालं होतं, आणि ते पुरं करायला त्यांना मी हवी होते.

सासूबाई आत पाटावर बसून द्राक्षासव घेत होत्या. वैद्यांकडची बाटली, दोन्ही जेवणांनंतर, अगदी नेमाने. गाल कसे लाल व्हायचे. मी म्हटलं, "आई, यातही द्राक्षंच मुरवलेली असतात."

"हे औषध आहे."

"कशावरचं?"

त्यांनी उरलेलं एका घोटात संपवलं आणि वाटी पालथी घातली.

रविवारी संध्याकाळी मंडप भरला. पुरुष मधे, आम्ही बायका खांबांच्या कडेने. मावशी नव्हत्या, त्या आमच्या समाजातल्या नाहीत, त्यांना बोलावणार कोण? जिच्या पाण्याचा निकाल लागायचा होता तिलाच आमंत्रण नव्हतं. काका मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, घाबरू नकोस. तुला सरबत म्हणून दिलं ना?"

"नाही काका. वाइन म्हणून दिली. मी वाइन म्हणूनच घेतली."

आमच्या ह्यांनी मान खाली घातली. काकांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं, वर म्हटलं, "दोनदा घेतली. दुसऱ्यांदा मागून घेतली."

मागून कुणीतरी खिजवलं, "असं काय होतं गं त्यात?"

विचारलं होतं, मग मी सांगितलं. पपनसाची साल, ओला दगड, मागून येणारा भाजका काजू, सुकेळी चालत नाही, करंदी चालते. डोंगरावरचं द्राक्ष सावकाश पिकतं तेही सांगितलं. बायकांत खसखस पिकली. काकांनी हात वर केला. "ते राहू दे. तुझं तू जाणे. पण विहीर विटाळली, एवढं तर खरं?"

इथे मात्र मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण बोलले.

"विटाळली असेल तर आपल्याला, काका. मावशींना त्याचा विटाळ नाही. मग आपणच ती सोडायला हवी. उद्या सकाळी आमचा पंप काढतो. सगळी विहीर त्यांना राहू दे. आमच्या केळी वाळतील, वाळू देत. आणि बाटली सोडली त्या दिवसापासून आम्ही तेच पाणी पितोय, तुम्ही आमच्या ओसरीवर चहा घेतलात तोही त्याच पाण्याचा. त्याचं काय करायचं तेही आजच ठरवा."

काका आपल्या हाताकडे बघत होते, जणू कप अजून तिथेच होता. मी सासऱ्यांकडे वळले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्या डोळ्यांत बघून कधी बोलले नव्हते.

"बाबा, सांगा. पंप काढायचा का?"

मी त्यांना ओळखून होते. केळीवर त्यांचा जीव होता, आमच्यापेक्षा जास्त. ते घसा खाकरून म्हणाले, "बाटलीला बूच होतं."

"काय?" काका म्हणाले.

"बूच होतं. घट्ट. पाण्यात थेंब गेलेला नाही. विहिरीला काही झालेलं नाही."

झालं. माझे सासरे त्या बाटलीचे वकील झाले. मावशींचा पंप जागच्या जागी राहिला. जाता जाता काका म्हणाले, निदान प्यायल्याबद्दल तरी माफी माग, बाईमाणसाला शोभत नाही. मी म्हटलं, "काका, चांगली होती. चांगल्या वस्तूची माफी कशी मागू?"

त्याची किंमत मी दिली. त्या वर्षी मला एकाही हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. आमच्या ओसरीवर बायका बसत, मी आले की उठून पांगत. सासरे माझ्याशी बोलायचेच थांबले. जेवताना मीठ हवं असलं तरी आमच्या ह्यांना सांगायचे. मला लागलं नाही असं नाही. रडलेही, केळीच्या आड जाऊन. पण एकदाही मनात आलं नाही की सरबत म्हटलं असतं तर बरं झालं असतं. एका दुपारी सासूबाई तांदूळ निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "खरंच पपनसाचा वास होता?" मी म्हटलं, "हो." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या केसांना तेल लावून दिलं.

पुढचा मे आला. बावखलं आटली. फादरची बदली दूर झाली होती. दुसरी बाटली मावशींनी पेटीत जपून ठेवली होती. म्हणाल्या, "तुझ्याबिगर उघडायची नाही असं ठरवलं होतं." त्यांचा हात सुजला होता, त्यांच्याने बादली सोडवेना. मी ती घेतली आणि मुद्दाम आमच्या बाजूने विहिरीवर गेले, भर दिवसा, डोक्यावरचा पदरही न सावरता.

सासरे पंपाशी उभे होते. पाण्याची पाळी आमची होती. मी बाटली बादलीत ठेवली, काथ्याची दोरी बांधली आणि त्यांच्यासमोर विहिरीत सोडली. ते बघत राहिले. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती, एकेक धारदार. त्यांनी विहिरीत वाकून पाणी बघितलं, बादली बघितली.

"गाठ ढिली आहे," ते म्हणाले. "पंप सुरू केला की दोरी पाइपात ओढली जाईल. नीट बांध."

वर्षभरात ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते. मी दोरी सोडली, खांबाला दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली आणि म्हटलं, "झालं, बाबा. करा सुरू."